गणपतीला गावी: कुणी कोणत्या घाटानं उतरायचं?

गणपती जवळ आले की या सदराकडे येणारी बहुतेक पत्रं एकाच रस्त्याबद्दल असतात. पळस्पे फाट्यावरून सुटणारा मुंबई-गोवा महामार्ग टाळायचा कसा? त्यातले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. अंतरं ढोबळ आहेत. तुमचं घर शहराच्या कोणत्या टोकाला आणि वाडी हमरस्त्यापासून किती आत, यावर दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे होतील.

दर वर्षी वडखळ ते माणगाव या टप्प्यात चार-पाच तास जातात. गाव चिपळूणजवळ आहे. यंदा पुणे-कराडमार्गे कुंभार्ली घाटानं उतरावं का?
*– एक वाचक, ठाणे*

नको. मुंबई ते चिपळूण सरळ रस्त्यानं २५० किलोमीटरच्या आसपास आहे. पुणे, कराड, पाटण, कोयनानगर असा वळसा घेतला तर ते ४०० च्या वर जातं. म्हणजे जादा दीडशे किलोमीटर, शिवाय बोरघाट आणि कुंभार्ली असे दोन घाट. वाचलेले चार तास तिथेच संपतात.

तुमची अडचण पहिल्या सव्वाशे किलोमीटरची आहे, तेव्हा वळसाही तेवढ्यापुरताच घ्या. द्रुतगती मार्गानं निघून घाट चढण्याआधी खोपोलीला उतरा आणि खोपोली-पाली-वाकण हा रस्ता धरा. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांत नागोठण्याच्या पुढे वाकण फाट्यावर महामार्गाला लागाल. पेण, वडखळ, नागोठणे तिन्ही टळतात. वाकणच्या पुढे कोलाड-इंदापूरला गाड्या थांबल्याचं कळलं, तर पालीहूनच रवाळजे-निजामपूरमार्गे माणगाव गाठता येतं. हा रस्ता अरुंद आहे, पण एसटी जाते. बदलापूर-अंबरनाथकरांनी पनवेलकडे यायचंच नाही. कर्जतवरून थेट खोपोली.

पालीत बल्लाळेश्वराचं देऊळ आहे. रविवारी, चतुर्थीला तिथल्या बाजारात गाडी मुंगीच्या पावलानं सरकते. पाली सकाळी सातच्या आत मागे टाका. माणगावची बाजारपेठ मात्र निजामपूरमार्गे आलात तरी चुकत नाही, कारण तो रस्ता माणगावातच येऊन मिळतो. तिथे जो काही अर्धा तास जाईल तो धरूनच चला. पुढे कशेडीला बोगदा झाल्यापासून जुन्या घाटाची वळणं उरली नाहीत.

अटल सेतूबद्दलही तुम्ही विचारलं आहे. दक्षिण मुंबईतून निघणाऱ्यांचं मानखुर्द-वाशी त्यानं टळतं, वडखळ टळत नाही. ठाण्याहून तिकडे जाण्यात काहीच अर्थ नाही.

आम्हाला कणकवलीला जायचं आहे. कोल्हापूरवरून जाणारे म्हणतात, वेळ तेवढाच लागतो पण डोकं शांत राहतं. खरं आहे का?
*– एक वाचक, डोंबिवली*

तुमच्या बाबतीत खरं आहे. गाव जितकं दक्षिणेला, तितका घाटावरचा रस्ता परवडतो. मुंबईकरांसाठी आम्ही रेघ राजापुरावर ओढतो. राजापूरच्या उत्तरेला वळसा तोट्याचा, दक्षिणेला फायद्याचा. कणकवलीला सरळ रस्त्यानं सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर होतात. कोल्हापूर-गगनबावड्यावरून साठ-सत्तर वाढतात, पण कोल्हापूरपर्यंत चारपदरी किंवा त्याहून रुंद रस्ता मिळतो.

वेळ अशी बांधा. रात्री एकच्या सुमारास निघा. साडेचारपर्यंत कात्रजचा नवा बोगदा मागे पडला पाहिजे, कारण वाकड ते नवले पूल हा पट्टा सकाळी सातनंतर पुण्याच्याच गाड्यांनी भरतो. नवले पुलाकडचा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तो साताऱ्याहून परत येताना लागतो, तिथे गाडी न्यूट्रलवर सोडायची नाही. खंबाटकीचा चढ पहाटे मोकळा मिळतो. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणामुळे जागोजागी सेवारस्त्यावर उतरवतात. पावसात तिथले खड्डे पाण्याखाली असतात, म्हणून पुढच्या ट्रकच्या चाकोरीतून आणि सावकाश. आठच्या आत कोल्हापूर, रंकाळा-फुलेवाडीवरून बाहेर, ५५ किलोमीटरवर गगनबावडा. तिथे चहा घेऊन उजेडात करूळ घाट उतरा, वैभववाडी, तळेरे, आणि अकराच्या सुमारास कणकवली. घाट उजेडातच उतरायचा, कारण रात्री धुक्यात दरडीचा दगड दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही.

निघण्याच्या दिवशी दोन गोष्टी पाहा. पहिली, करूळ घाट उघडा आहे का. काँक्रिटीकरणासाठी २०२४ मध्ये तो बंद केला होता, तेव्हा गाड्या भुईबावडा आणि फोंडा घाटातून वळवल्या होत्या. पावसात दरड आली की आजही तसंच करतात. दुसरी, पंचगंगेचं पाणी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आकडा ३९ कडे सरकताना दिसला तर गगनबावड्याचा बेत सोडा, कारण नदीकाठचा तो रस्ता लवकर पाण्याखाली जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तर शिरोलीजवळ महामार्गच काही दिवस बंद होता. महामार्ग चालू आणि फक्त गगनबावडा बंद असेल, तर निपाणीपर्यंत खाली जा. मुधाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरा. देवगडला जाणाऱ्यांना एरवीही फोंडाच सोयीचा.

सावंतवाडी-कुडाळच्या मंडळींनी गगनबावड्याला वळायचंच नाही. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली हा रस्ता त्यांचा. फक्त पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी दुपारी आंबोलीच्या धबधब्यापाशी दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. त्या वेळी कोंडी महामार्गापेक्षा वाईट.

टोलमाफीचा पास विसरू नका. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या गाड्यांना सरकार तो देतं आणि मुंबई-बंगळुरू महामार्गानं जाणाऱ्यांनाही तो चालतो. वाहतूक पोलीस, पोलीस ठाणं किंवा आरटीओकडे गाडीचा नंबर देऊन आधीच घ्या. पुणे ते कोल्हापूर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागतात.

पुण्याहून कोकणात उतरायला इतके घाट आहेत की गोंधळ होतो. गाडी छोटी, सोबत वयस्कर आई-वडील.
*– एक वाचक, कोथरूड*

पुणेकरांना मुंबईवाल्यांचा नियम लागू नाही. तुम्ही आधीच घाटमाथ्याच्या बाजूला आहात, त्यामुळे तालुक्यागणिक घाट निवडायचा. माणगाव, श्रीवर्धन, म्हसळ्यासाठी ताम्हिणी. महाडसाठी नकाशा वरंधा सुचवील, पण पावसाळ्यात तो वरचेवर बंद करतात. आई-वडिलांना घेऊन ताम्हिणीनंच माणगावला उतरा आणि खाली महाडला या. पोलादपूर-खेडलाही तेच. महाबळेश्वरहून उतरणारा आंबेनळी उन्हाळ्यात सुरेख, श्रावण-भाद्रपदात दरडींचा. ताम्हिणीतही सुट्टीच्या दिवशी भिजायला आलेली गर्दी असते, म्हणून नऊच्या आत घाट उतरा, आणि पेट्रोल पौडच्या अलीकडेच भरून घ्या.

चिपळूण-गुहागरसाठी कुंभार्ली. त्यासाठी कराडात शिरायची गरज नाही. उंब्रजला वळून मल्हारपेठमार्गे पाटणला निघता येतं आणि कराडची कोंडी चुकते. घाट रुंद आहे, पण ट्रक बरेच असतात. खाली चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर महामार्ग लागतो.

रत्नागिरी-लांज्यासाठी आंबा घाट, राजापूरसाठी अणुस्कुरा. दोन्हीसाठी मलकापूर गाठायचं असतं आणि लोक उगाच कोल्हापूर शहरातून फिरतात. किणीचा टोल ओलांडला की वाठारला उजवीकडे वळा. वारणानगर, कोडोली, बोरपाडळे असं कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याला लागता, पुढे बांबवडे, मलकापूर. तिथून आंबा, साखरपा, पाली, हातखंबा. (ही पाली रत्नागिरीची, बल्लाळेश्वराची नव्हे, नकाशात नुसतं ‘पाली’ टाकून दोनशे किलोमीटर चुकणारे असतात.) अणुस्कुरा मात्र अरुंद आणि निर्मनुष्य. जोराच्या पावसात आंब्यानं उतरून महामार्गानं राजापूरला गेलेलं बरं.

पुणे-गोवा: आंबोली की चोर्ला?
*– एक वाचक, पिंपरी*

उत्तर गोव्यात पेडणे-म्हापशाकडे जायचं तर आंबोली. साखळी, डिचोली, पणजीला बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. फोंडा-मडगावला जायचं आणि गाडी मोठी असेल तर खानापूर, रामनगर, अनमोड, मोले. चोर्ल्याचा रस्ता पावसाळ्याच्या शेवटी खड्ड्यांनी चाळण झालेला असतो, तेव्हा बेळगावातल्या कुणाला तरी विचारून मगच वळा. तिलारीचा घाट नकाशावर जवळचा दिसतो. चढ-उतार इतका उभा आहे की नव्या चालकानं तिकडे फिरकू नये.

मोबाइलच्या नकाशानं ‘वीस मिनिटं वाचतील’ म्हणून आत वळवलं आणि दोन गाड्या समोरासमोर बसतील इतकाही रस्ता नव्हता. विश्वास कशावर ठेवायचा?
*– एक वाचक, पनवेल*

नकाशा समोरच्या गाड्यांचा वेग मोजतो. रस्त्याची रुंदी, साकवावर आलेलं पाणी, तुटलेली साइडपट्टी त्याला कळत नाही. शिवाय तो हीच वीस मिनिटं मागच्या शेकडो गाड्यांनाही दाखवतो. ते सगळे त्या गल्लीत शिरले की तिथे महामार्गापेक्षा पक्की कोंडी होते, कारण मागे वळायला जागा नसते.

उपाय असा. घरूनच मार्ग ठरवा आणि मधले थांबे टाकून तो बांधून घ्या. उदाहरणार्थ खोपोली, पाली, वाकण असे तीन थांबे टाकले की नकाशा मनानं वळवत नाही. नुसतं गावाचं नाव टाकलं तर दर फाट्यावर मोह होतो. घाटाच्या भागाचा नकाशा आधी मोबाइलवर उतरवून ठेवा, तिथे रेंज नसते. आणि अनोळखी फाट्यावर एकच प्रश्न विचारा: इथून एसटी जाते का? एसटी जात असेल तर तुमची गाडी जाईल, समोरून काही आलं तरी कुठेतरी बाजू देता येईल. ‘जीप जाते’ हे उत्तर आलं तर महामार्गावर परत या. विचारायचं फाट्यावरच्या टपरीवाल्याला किंवा रिक्षावाल्याला. थांबलेल्या पर्यटकाला नाही, तोही नकाशाच बघत असतो.

सीएनजी गाडी, पाच माणसं, मखराचं सामान. घाटात त्रास होईल का?
*– एक वाचक, कल्याण*

चढाला गॅसवर ओढ कमी पडते. घाट सुरू होण्याआधी पेट्रोलवर घ्या, म्हणजे वळणावर गाडी गुदमरणार नाही. निघताना टाकीत निम्म्याहून जास्त पेट्रोल हवं, कारण घाटमाथ्यावर गॅसचा पंप शोधत बसायला वेळ नसतो आणि सापडला तरी रांग असते. मागच्या चाकांत कंपनीनं दाराच्या पट्टीवर दिलेली पूर्ण भाराची हवा भरा. सामान डिकीत मावलं नाही म्हणून मागच्या काचेपर्यंत रचू नका.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक वेळा दुसरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला की लायनर तापतात, जळका वास येतो, पेडल खोल जायला लागतं. असं झालं तर रुंद जागी थांबून पंधरा-वीस मिनिटं चाकं आपोआप निवू द्या, वर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. धुक्यात अप्पर मारला तर समोर पांढरी भिंत दिसते, म्हणून डिप्पर. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय हे समजत नाही.

जाताना सगळे वेगवेगळ्या दिवशी निघतात, परतताना मात्र एकदम. गौरी-गणपतीचं विसर्जन करून कुडाळहून पुण्याला हडपसरला यायचं आहे.
*– एक वाचक, हडपसर*

विसर्जनाच्या रात्रीच निघू नका. सगळे दमलेले असतात आणि घाटात झोपेच्या डुलक्या घेणारे चालक समोरून येत असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालात तर उजाडता उजाडता आंबोली चढाल. पुणे-साताऱ्याची कोंडी परतीला खंबाटकीच्या बोगद्यापाशी सुरू होते. साताऱ्याला पोहोचल्यावर ती लागलेली दिसली, तर तुम्हाला दुसरी सोपी वाट आहे: सातारा, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड आणि दिवे घाट उतरून थेट हडपसर. अंतर थोडं वाढतं, पण खंबाटकी, नवले पूल आणि शहराची पश्चिम बाजू तिन्ही टळतात. सोमवती अमावास्येला जेजुरीत जत्रा असते, तेवढा दिवस पंचांगात बघून घ्या. कोथरूड-वाकडकरांना मात्र ही वाट उपयोगाची नाही. त्यांनी आनेवाडीच्या आसपास जेवून घ्यावं आणि रात्री दहानंतर बोगदा ओलांडावा.