रेडिस कंटेनरमध्ये टाकला, सकाळी डेटा गायब!

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही तिघं मित्र मिळून हळदीच्या सौद्याचे दर दाखवणारं छोटं अ‍ॅप करतोय. लॅपटॉपवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) रेडिस (मेमरीत चालणारा वेगवान डेटाबेस) चालवतो. रात्री कंपोझ डाउन (सगळे कंटेनर एकदम बंद करून काढून टाकणारी कमांड) केलं की सकाळी सगळे दर गायब! आणि अ‍ॅपपण कंटेनरमध्ये टाकलं तर लोकलहोस्टवर (म्हणजे ‘हेच मशीन’ या पत्त्यावर) रेडिस सापडतच नाही. सरळ लॅपटॉपवरच इन्स्टॉल करू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: नका करू, दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत सुटतात. लोकलहोस्टचं आधी. प्रत्येक कंटेनरचं लोकलहोस्ट त्याच्यापुरतंच असतं, त्यामुळं अ‍ॅप स्वतःच्याच कंटेनरमध्ये रेडिस शोधत बसतं. कंपोझ फाइलमध्ये (कोणते कंटेनर चालवायचे ते लिहिलेली फाइल) रेडिसच्या सर्व्हिसला जे नाव दिलंय तेच होस्ट म्हणून टाका, पोर्ट ६३७९, झालं.

आता डेटा. रेडिस सगळं मेमरीत ठेवतो पण मधूनमधून स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) डिस्कवर लिहितो, आणि कंटेनर नीट बंद केला तर जाता जाता पण लिहितो. तो जातो डेटा नावाच्या फोल्डरमध्ये. तुम्ही त्या फोल्डरच्या व्हॉल्यूमला (कंटेनर काढला तरी टिकणारी डिस्कवरची जागा) नाव दिलं नसणार, मग डाउन करून परत अप केलं की नव्या कंटेनरला नवं कोरं व्हॉल्यूम मिळतं आणि जुनं डिस्कवर बेवारस पडून राहतं. नाव द्या, डेटा राहील. फक्त डाउनच्या पुढं मायनस व्ही लावू नका, नाहीतर तेही पुसलं जाईल. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल आणि लाईट गेली तर शेवटच्या स्नॅपशॉटनंतरचं जाणारच, ते नको असेल तर रेडिसच्या सेटिंगमध्ये अपेंडओन्ली यस करा (म्हणजे प्रत्येक बदल फाइलमध्ये लिहिला जातो), मग फार तर सेकंदभराचं जातं.

पण खरं सांगू का, दर गायब झाले म्हणून अ‍ॅप अडत असेल तर दुखणं वेगळंच आहे. दरांची पक्की नोंद पोस्टग्रेस नाहीतर मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये पाहिजे, रेडिसमध्ये फक्त पटकन दाखवायची कॉपी, ती रिकामी दिसली की अ‍ॅपनं गुपचूप मूळ डेटाबेसमधून भरून घ्यायची. असं केलंत की रोजचं डाउन म्हणजे फुकटची टेस्टिंगच! मी तर डेव्हलपमेंटला मुद्दाम कोरा रेडिस घेऊनच सुरुवात करतो.

एक न विचारलेलं सांगतो. पोर्ट उघडताना पुढं १२७.०.०.१ (फक्त आपल्याच लॅपटॉपचा पत्ता) लावा, कारण रेडिसच्या ऑफिशियल इमेजमध्ये प्रोटेक्टेड मोड (पासवर्ड नसताना बाहेरच्यांना अडवणारी सोय) बंद असतो आणि पासवर्डही नसतो, म्हणजे हॉस्टेलच्या वायफायवरचा कुणीही आत येऊन तुमचे दर बदलून जाईल.