टाइमशेअरचे जुने सदस्य असताना कंपनीच्या ‘सदस्य मेळाव्या’ला जावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: टाइमशेअरच्या, म्हणजे आगाऊ पैसे भरून दरवर्षी कंपनीच्या रिसॉर्टमध्ये ठरावीक दिवस राहण्याच्या हक्काच्या, २५ वर्षांच्या सदस्यत्वातली ९ वर्षे झाली, दिवाळीत हवे ते ठिकाण एकदाही मिळाले नाही, आणि आता कंपनीने ‘सदस्य मेळाव्या’साठी पती-पत्नी दोघांनाही हॉटेलात बोलावले आहे. येणे आवश्यक आहे असे फोनवर सांगितले असून दोन रात्रींच्या मुक्कामाची भेटही कबूल केली आहे. जावे का, आणि आपण ‘आधीपासूनच मालक’ असल्यामुळे तिथे वेगळी वागणूक मिळते का, असे आपण विचारले आहे.

येणे आवश्यक मुळीच नाही. सदस्यत्व चालते ते करारावर आणि वेळेवर भरलेल्या वार्षिक शुल्कावर. मेळाव्याला गेले नाही म्हणून ते बंद पडत नाही. वागणूक मात्र वेगळी मिळते, आणि त्याविषयीच मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे.

आम्ही बडोद्याला मांजलपुरात राहतो. मुले शाळेत असताना, २०१२ साली, आम्ही सदस्यत्व घेतले आणि २०१६ साली अलकापुरीतल्या एका हॉटेलात आम्हालाही असेच बोलावणे आले. नाव मेळाव्याचे असले तरी ती खरे तर जुन्या सदस्यांना वरचे सदस्यत्व विकण्याची बैठक असते. नव्या माणसाला विकायचे तर विक्रेत्याला आधी सुट्टीचे महत्त्व पटवावे लागते, कंपनीवर विश्वास बसवावा लागतो, आणि समोरच्याची ऐपत किती याचा अंदाज घ्यावा लागतो. जुन्या सदस्याच्या बाबतीत हे सारे आधीच होऊन गेलेले असते. तो हप्ते वेळेवर भरतो हे कंपनीच्या नोंदीत असते, आणि त्याच्या मनात हमखास एक तक्रार असते. ती तक्रार हेच त्या बैठकीचे भांडवल असते, हे मला फार उशिरा उमगले.

आमच्या टेबलावर बसलेला मुलगा नाशिकचा होता. आडनाव वाचून त्याने लगेच मराठीत बोलायला सुरुवात केली, आणि बडोद्यात अनोळखी माणसाने मराठीतून ‘काकू’ म्हटले की मन सैल होते, तसे माझेही झाले. ‘तुम्हाला काय अडचण येते ते आधी मोकळेपणाने सांगा,’ असे तो म्हणाला आणि आम्ही सांगितले: चार वर्षांत दिवाळीला माउंट अबूचे आरक्षण एकदाही मिळाले नाही. त्याने एकही शब्द नाकारला नाही. एक कोरा कागद आमच्याकडे तोंड करून ठेवला आणि समोर बसूनच, आम्हाला सुलट वाचता येईल अशा रीतीने उलट्या बाजूने आकडे लिहिले. आमचा मोसम पांढरा, म्हणजे मध्यम मागणीच्या दिवसांचा, होता. तो लाल, म्हणजे जास्त मागणीच्या दिवसांचा, करून घेतला की अडचण मिटेल, असे त्याने त्या कागदावर लिहून दाखवले आणि ‘दिवाळीला प्राधान्य’ या शब्दांखाली दोन रेघा मारल्या. मग व्यवस्थापक आला, त्याने रक्कम कमी केली आणि ही सवलत आजच्यापुरतीच असल्याचे सांगितले. शेजारच्या टेबलावर कोणी तरी सही केली आणि सभागृहात टाळ्या झाल्या. ९० मिनिटांसाठी म्हणून बोलावलेल्या बैठकीतून आम्ही तीन तासांनी बाहेर पडलो, तेव्हा १,४०,००० रुपयांचा करार करून आलो होतो. निघताना माझ्या यजमानांनी तो कागद मागितला, तर ‘हा आमचा कच्चा कागद आहे’ असे म्हणून त्या मुलाने त्याची घडी केली आणि आपल्या फाइलमध्ये ठेवली. छापील करारात ‘दिवाळीला प्राधान्य’ हे शब्द कुठेही नव्हते.

त्या मुलावर माझा आजही राग नाही. त्याला रोजचे उद्दिष्ट होते आणि त्याला शिकवले होते तेवढे त्याने केले. पण एक गोष्ट त्याने सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही. धनत्रयोदशीपासून लाभपाचमेपर्यंत निम्मा गुजरात दुकाने बंद ठेवून बाहेर पडतो, शाळांनाही तेव्हाच सुट्टी असते, आणि अबू, दीव, सापुतारा ही जवळची ठिकाणे प्रत्येकालाच हवी असतात. मोसम वरचा घेतला म्हणजे त्या दिवसांसाठी रांगेत उभे राहण्याचा हक्क मिळतो, पण तिथल्या खोल्या वाढत नाहीत. त्या दिवाळीतही आमचे नाव प्रतीक्षा यादीतच राहिले.

दुसऱ्यांदा, २०२३ साली, आम्ही मुक्कामाला गेलो होतो त्या रिसॉर्टमध्येच ‘माहिती सत्र’ म्हणून बसवण्यात आले. या वेळी स्टुडिओऐवजी एक शयनकक्ष असलेले घर घ्यावे आणि आठवड्यांऐवजी गुणांच्या योजनेत, म्हणजे दरवर्षी मिळणारे गुण खर्चून मुक्काम घेण्याच्या योजनेत, यावे, असा प्रस्ताव होता; रक्कम ३,५०,००० रुपये. मी एवढेच म्हटले की, तुम्ही सुचवता त्या वर्गासाठी येत्या दिवाळीच्या अबूच्या तारखा आता माझ्यासमोर संगणकावर उघडून दाखवा. आरक्षणाचा विभाग वेगळा असल्याने ते इथून दिसत नाही, असे उत्तर आले. मग मी म्हटले की, तोंडी सांगितलेल्या तीन गोष्टी कंपनीच्या कागदावर लिहून सही करून द्या, आम्ही घरी वाचून आठ दिवसांत कळवू. तेही झाले नाही, आणि बैठक तिथेच संपली. आपण गेलात तर या दोन मागण्या अवश्य करा.

पैशांचा हिशेब घरूनच करून जावा, कारण टेबलावर तो फक्त खरेदीच्या रकमेचा होतो. मी ३० वर्षे लेखा विभागात काम केले असल्यामुळे मला वार्षिक शुल्काचीच चिंता जास्त वाटते. समजा शुल्क पहिल्या वर्षी १०,००० रुपये आहे आणि ते दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढते; तर २५व्या वर्षी ते ५०,००० रुपयांच्या वर जाते आणि २५ वर्षांत मिळून भरलेली रक्कम ६,३०,००० रुपयांच्या पुढे होते. त्यावर कर वेगळा: आधी सेवाकर होता, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि १५ टक्क्यांचे १८ टक्के झाले. मोठे घर घेतले की शुल्कही मोठ्या घराचे लागते, हे तर बोलण्यात येतच नाही. शिवाय ३,५०,००० रुपये ७ टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाला २४,५०० रुपये सुटतात आणि मुद्दल आपलेच राहते. तेवढ्यात सहा रात्रींसाठी रोज ४,००० रुपयांची खोली, हव्या त्या गावी, घेता येते. हे आकडे आपल्या शुल्काप्रमाणे बदलून मांडा आणि तो कागद सोबत ठेवा. जुना करार सोडून गुणांच्या योजनेत जाताना शुल्कवाढीचे कलम दोन्ही करारांत शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘जगभर कुठेही’ असे सांगितले जाते, ते बहुधा वेगवेगळ्या ठिकाणच्या सदस्यांच्या मुक्कामांची अदलाबदल करणाऱ्या कंपनीच्या जोरावर. अमेरिकेतली आरसीआय १९७४ पासून हेच काम करते. ती सोय खरी आहे, परंतु अदलाबदलीचे शुल्क वेगळे द्यावे लागते.

आपण स्वतःला ‘मालक’ म्हटले आहे, म्हणून एक खुलासा करते. अमेरिकेत काही ठिकाणी आठवड्याची नोंदणीकृत मालकी मिळते. आपल्याकडे बहुतेक योजनांमध्ये मिळतो तो ठरावीक वर्षे वापरण्याचा हक्क. ती स्थावर मालमत्ता नव्हे, आणि ‘वाढती गुंतवणूक’ हे शब्द कोणी वापरले तर ते लिहून मागावेत. युरोपीय संघात २००८च्या निर्देशानुसार असा करार १४ दिवसांत विनाकारण रद्द करता येतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नसल्यामुळे रद्द करण्याची मुदत करारात असेल तेवढीच, म्हणून सही करण्याआधी ते कलम शोधावे. फसवणूक झाली असे वाटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूने आहे. तो २० जुलै २०२०पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे कंपनीच्या गावी न जाता, तक्रार करता येते, ५,००,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारशुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. कोणी फोन करून ‘तुमचे सदस्यत्व विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे म्हणत असेल तर मात्र एक रुपयाही देऊ नका. तो प्रकार आमच्या ओळखीच्या दोन घरांत घडला आहे.

एवढे करून जायचेच असेल, तर डेबिट व क्रेडिट कार्डे घरी ठेवा आणि निघण्याआधी दोघांचे एकमत करा. दोघांनाही बोलावतात ते ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायला जागा उरू नये म्हणून. नकाराचे कारण सांगू नका. २०१६ साली माझ्या यजमानांनी ‘सध्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च आहे’ असे सांगितले, तर हप्ते सहा महिन्यांनी सुरू करण्याची तयारी लगेच दाखवण्यात आली. प्रत्येक कारणाला तिथे उत्तर तयार असते. ‘आज आम्ही काहीही घेणार नाही’ हे एकच वाक्य, न चिडता, जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा म्हणावे. नातेवाइकांची व मित्रांची नावे आणि फोन नंबर देऊ नयेत, कारण पुढची बोलावणी त्यांना जातात. भेटीच्या कूपनाच्या अटी बसण्यापूर्वीच वाचाव्यात. आमच्या कूपनावर जोडून आलेल्या सुट्ट्या वगळलेल्या होत्या आणि जेवणाचे पैसे सक्तीचे होते, त्यामुळे ते वापरलेच गेले नाही.

आणि आपली दिवाळीची तक्रार त्या टेबलावर मांडूच नका. ती ईमेलने सदस्य सेवा विभागाकडे पाठवा: सदस्य क्रमांक, कोणत्या तारखेला आरक्षण मागितले, कोणत्या ठिकाणासाठी, काय उत्तर मिळाले, हे नऊ वर्षांचे जेवढे सापडेल तेवढे एकाखाली एक लिहून, आणि न वापरलेले दिवस पुढे ओढून द्यावेत अशी स्पष्ट मागणी करून. आम्ही तसे पत्र २०२३च्या त्या बैठकीनंतरच्या आठवड्यात पाठवले. दोन स्मरणपत्रे लागली, पण बुडालेल्या दिवसांपैकी सात दिवस परत खात्यात जमा झाले, आणि ते आम्ही अबूलाच, श्रावणात, गर्दी नसताना वापरले.