जुन्या मिनीडीव्ही कॅमकॉर्डरवर लग्नाची कॅसेट लावली की चित्रात चौकोन येतात, आवाज तुटतो. कॅसेट गेली का?

बहुतेक वेळा कॅसेट ठीक असते, हेडवर (कॅमेऱ्यातल्या टेप वाचणाऱ्या भागावर) घाण बसलेली असते. आधी दुसरी कॅसेट लावून बघा. तिच्यातही चौकोन आले तर मिनीडीव्हीची ड्राय क्लीनिंग कॅसेट घ्या, साधारण १० सेकंद प्ले करा आणि रिवाइंड न करता काढा. ती हेड घासते, त्यामुळे उगाच पुन्हापुन्हा चालवू नका.

एकाच कॅसेटला त्रास असेल तर ती एलपी मोडमध्ये (टेप हळू चालवून जास्त वेळ रेकॉर्ड करायची पद्धत) भरलेली असू शकते. अशा कॅसेटा कधीकधी मूळ कॅमेऱ्यावरच नीट चालतात. आणि हो, कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती आत घालूच नका, हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागेल.

चित्र स्वच्छ आलं की लगेच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, प्लीज. त्यासाठी फायरवायरची केबल (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणारी, यूएसबीपेक्षा वेगळी) वापरा. बऱ्याच मॉडेलांत यूएसबीवरून फक्त फोटो किंवा हलक्या दर्जाचा व्हिडिओ येतो. तासाभराच्या कॅसेटला सुमारे १३ जीबी जागा मोकळी ठेवा.