मंदीत पुरातत्त्वाचं काम कुठे शोधावं?

पुरातत्त्वात एम.ए. झालंय, भरती थंडावलीय, तर काय करावं, हा तुमचा प्रश्न. इंग्लंडमध्ये 1990 पासून बांधकामाआधीच्या उत्खननाचा खर्च विकासकांवर पडू लागला, म्हणून 2008 मध्ये घरबांधणी थांबताच तिथल्या नोकऱ्या गेल्या. आपल्याकडे बहुतेक काम सरकारी किंवा विद्यापीठीय. इथे अडतं ते मंजुरी आणि निधीपाशी.

म्हणून आधी नेट-जेआरएफ, म्हणजे यूजीसीची संशोधन-पाठ्यवृत्तीची परीक्षा, द्या. पुरातत्त्व हा त्यात स्वतंत्र विषय आहे आणि दरमहा 37,000 रुपयांची पाठ्यवृत्ती मंदीत मोठा आधार ठरते. मात्र वयोमर्यादेकडे लक्ष ठेवा.

हंगामी कामासाठी पावसाळा संपायच्या आतच उत्खनन-संचालकांना लिहा. डिसेंबरपर्यंत चमू ठरलेला असतो. अर्ज मागे पडतात ते नुसत्या गुणपत्रिकांमुळे. सोबत नमुने जोडा: खापरांची 1:1 रेखाटनं, खड्ड्याच्या भिंतीचा मोजून काढलेला छेद (थरांचं रेखाटन), क्यूजीआयएसमधला एक नकाशा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, महिनाभरात हात बसतो. टोटल स्टेशन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) वापरता येत असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा, चमूत त्याचीच चणचण असते.

संग्रहालयांतली नोंदणी आणि डिजिटायझेशनची करारी कामंही कमी लेखू नका. वस्तू ओळखायची नजर तिथेच तयार होते.