सायन्स नाही, मग जंगलाच्या कामात मला कोण घेणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की एकदा आणि ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह झाला की पुन्हा एकदा, एक ठरावीक वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतं. बोलणारे वेगवेगळे असतात. कॉमर्सवाले, बीए मराठीवाले, हॉटेल मॅनेजमेंट करून कंटाळलेले, एकदा तर वकिलीची सनद असलेले चाळिशीतले गृहस्थ. वाक्य मात्र तेच: "मॅडम, मला वाइल्डलाइफमध्ये काम करायचंय, पण माझं सायन्स नाही."

प्रश्न नुसता माहितीचा असता तर तो माझ्यापर्यंत आलाच नसता. पात्रतेच्या अटी मोबाइलवर अर्ध्या तासात वाचून होतात. माझ्याकडे लोक येतात ते झोप उडाली, घरात बोलणं बंद झालं, सोमवार उगवला की पोटात गोळा येतो, म्हणून. जंगलाचा विषय मग तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतो.

ओंकारचं तसंच झालं. (नाव बदललं आहे, आणि त्याच्या गोष्टीत आणखी दोघा-तिघांचे तपशील मुद्दाम मिसळले आहेत.) वय सत्तावीस, बी.कॉम., सीए इंटरचा एक ग्रुप सुटलेला, दुसरा सोडून दिलेला. पुण्यात डेक्कनजवळच्या एका ऑडिट फर्ममध्ये नोकरी. रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघायला कवडीपाटला, नाहीतर सिंहगडाच्या पायथ्याला. वडिलांशी संभाषण 'जेवण झालं का' एवढ्यावर आलेलं, म्हणून आईने पाठवला होता.

"दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के होते मॅडम. सायन्सला सहज गेलो असतो. बाबा म्हणाले, काकांची प्रॅक्टिस आयती आहे, सीए हो. तिथेच संपलं सगळं."

"काय संपलं?"

"आता कोण घेणार मला? तिकडे सगळे एमएस्सी, पीएचडी. मी जीएसटीचे रिटर्न भरतो."

अकाउंटंट माणूस, त्यामुळे त्याच्याकडे एक्सेल शीट असणार हा माझा अंदाज खरा निघाला. त्याने मोबाइलवर उघडून दाखवली. देशभरातल्या संस्था, त्यांचे प्रकल्प, पत्ते, अभ्यासक्रम, सगळं नीट रकान्यांत. शेवटचा रकाना 'मी पात्र आहे का?' आणि त्याखाली वरपासून खालपर्यंत लाल रंगात 'नाही', 'नाही', 'नाही'.

"यातल्या किती जणांना विचारलंस?"

"एकालाही नाही."

"मग हे 'नाही' कोणी लिहिलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही घाई केली नाही.

माझी घडण आल्फ्रेड ॲडलर या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांत झाली आहे. एखाद्या दुःखाचं कारण काय, हे शोधत बसण्याआधी ते दुःख माणसाच्या काय उपयोगी पडतंय, हे मी बघते. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण इतक्या वर्षांत या नजरेने मला क्वचितच दगा दिला आहे. म्हणून मी ओंकारला आमच्या ॲडलर घराण्याचा जुना प्रश्न विचारला: "समज, उद्या सकाळी उठलास आणि झूऑलॉजीची पदवी हातात आहे. दिवसभर काय करशील?"

"कोयनेत जाईन. कॅमेरा ट्रॅप लावायला, प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढतात ते."

"लावून झाले. पुढे?"

"पुढे... फोटो बघावे लागतील. हजारो असतात. त्यातले निम्मे गुरांचे आणि वाऱ्याने हललेल्या गवताचे." आणि पहिल्यांदा हसला. "एक्सेलच आहे मॅडम तिथेही."

म्हणजे या कामाची त्याला चांगलीच माहिती होती. जंगलात फिरणं किती आणि टेबलावर बसणं किती, हेही ठाऊक होतं. तरी पाय पुढे पडत नव्हता. माझ्या मनात जे जुळलं ते असं: त्या लाल रकान्यातलं प्रत्येक 'नाही' बाबांच्या खात्यावर जमा होत होतं. एखाद्या संस्थेकडून जरी 'हो' आलं असतं तरी बारा वर्षांची ती खतावणी जुळेनाशी झाली असती. सायन्स नसणं ही त्याची अडचण होतीच, पण तो त्याचा पुरावाही होता. पुरावा कोणी सहजासहजी हातचा सोडत नाही.

हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. असं तोंडावर सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि पुढच्या वेळी येत नाही.

पुढे काही भेटी वडिलांवरच गेल्या, त्या इथे गाळते. एकदा तो दमून आला. ओळखीच्या एका गटाबरोबर जुन्नरकडे जाऊन आला होता, उसाच्या पट्ट्यातल्या एका वस्तीवर.

"काय काम केलंस?"

"काम काही नाही. बाकीचे बिबट्याचे ठसे बघायला गेले. मी आपला ओट्यावर बसून होतो."

"ओट्यावर बसून काय केलंस?"

मग हळूहळू निघालं. ओट्यावर एक आजी होत्या. आधीच्या वर्षी त्यांच्या दोन शेळ्या बिबट्याने मारल्या होत्या. घरच्यांनी नियमाप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनखात्याला कळवलं होतं, मेलेल्या शेळ्या जागच्या हलवल्या नव्हत्या, पंचनामा झाला होता, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखलाही होता. पैसे मात्र आले नव्हते. सगळे कागद एका दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेले. ओंकारने पिशवी मांडीवर घेतली आणि सवयीने एकेक कागद तारखेप्रमाणे लावला. दोन गोष्टी त्याच्या लगेच लक्षात आल्या. आधारवर पार्वताबाई, पासबुकावर पार्वती. आणि बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, त्यामुळे अर्जावरचा आयएफएससी कोड आता चालतच नव्हता. रक्कम निघाली असती तरी परत गेली असती. त्याने नवा अर्ज लिहून दिला, कुठला कागद कुठे जोडायचा ते नातवाला समजावलं आणि वनरक्षकांना फोन लावून दिला.

"दुपारी शेजारचेही पिशव्या घेऊन आले," तो म्हणाला. "पण हे काही वाइल्डलाइफ नाही ना मॅडम."

इथे मी त्याला थांबवलं. "आजी सकाळी काय म्हणत होत्या?"

"पिंजरा लावा म्हणत होत्या. सगळी वस्तीच म्हणत होती."

"पिंजरा लावून काय होतं? मागे तूच मला सांगितलं होतंस."

सांगितलं होतंच, मोठ्या तळमळीने. २००१ च्या सुमारास जुन्नर भागात दिसेल तो बिबट्या पकडून लांबच्या जंगलात सोडायचा धडाका लागला होता. त्यानंतर माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले, आणि सोडलेल्या जागांच्या आसपासही होऊ लागले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून हे पुढे आणलं. हे सगळं ओंकारला पाठ होतं.

"मग पिंजऱ्याची मागणी कशाने कमी होईल?"

"नुकसानभरपाई वेळेवर मिळाली तर थोडी कमी होईल. रात्री शेळ्या बंदिस्त गोठ्यात राहिल्या तर आणखी."

"आणि भरपाई कशाने अडली होती?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आयएफएससीने." आणि थोड्या वेळाने, जरा चिडूनच: "त्या गटात तीन एमएस्सी होते मॅडम. एकालाही पिशवी उघडावीशी वाटली नाही."

राग होता, पण आज तो बाबांवर नव्हता. असा राग मला आवडतो, त्यातून काम होतं. पुढच्या भेटीला त्याने आपणहून शीट दाखवली. शेवटचा रकाना काढून टाकला होता. त्या जागी नवा: 'यांच्याकडे कोण कमी आहे?' मी काही बोलले नाही, पण त्या दिवशी घरी जाताना मी खुशीत होते, हे कबूल करते.

आता ज्यांनी हा लेख स्वतःसाठी उघडला असेल त्यांच्यासाठी थोडं सरळ.

काही दारं खरंच बंद असतात. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला ठरावीक विज्ञान विषय, कृषी, वनशास्त्र, पशुवैद्यक किंवा अभियांत्रिकी यांतली पदवी लागते. तिथे बी.कॉम. चालत नाही, विषय संपला. त्यासाठी रडायचं तर एक दिवस रडून घ्या. पण अनेकांना हे माहीत नसतं की महाराष्ट्रात वनरक्षकाच्या भरतीला बारावीत विज्ञान किंवा गणित किंवा भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय चालत आला आहे. कॉमर्सच्या मुलांचा अर्थशास्त्र असतोच. वयाची मर्यादा आणि धावण्याची चाचणी मात्र आधी बघा. मळलेले बूट आणि रात्रीची गस्त, ही या खात्यातली सगळ्यात खरी नोकरी आहे, आणि तिच्याकडे 'खालची' म्हणून बघणाऱ्या पदवीधरांशी माझं जमत नाही.

ज्यांना संशोधनच करायचंय त्यांनी शिकायला हवं, त्याला पळवाट नाही. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतला वन्यजीवशास्त्राचा एमएस्सी अभ्यासक्रम इतर शाखांच्या पदवीधरांनाही घेत आला आहे. ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची अट वाचा. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत आधी मेकॅनिकल इंजिनिअर होते, वाघांवर लिहिणारे वाल्मीक थापर समाजशास्त्राचे. आणि पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं नाव तर प्रत्येक जण माझ्यासमोर ठेवतो: त्यांच्याकडे कुठे डिग्री होती? नव्हती. त्यांनी मुंबईत दावर कॉलेजात चक्क व्यापारी कायदा आणि हिशेबनीस होण्याचं शिक्षण घेतलं होतं. पण पदवी नसल्यामुळे त्यांना झूऑलॉजिकल सर्व्हे या सरकारी संस्थेतली जागा नाकारली गेली, हेही खरं. आणि मग ते बर्लिनला पक्षीशास्त्रज्ञ स्ट्रेसमानकडे जाऊन शिकले, हेही. उदाहरण घ्यायचं तर सगळं घ्या.

उरलेल्यांसाठी माझा अनुभव असा आहे की शाखा बदलण्यापेक्षा जागा बदलणं सोपं पडतं. म्हणजे जे येतं तेच, पण जंगलाच्या बाजूला बसून करायचं. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि वनस्पती-प्राण्यांचं रक्षण त्या यादीत आहे. हा पैसा घेणाऱ्या छोट्या संस्थांना उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेवर करून देणारा माणूस मिळत नाही. परदेशी देणग्यांचे हिशेब तर त्याहून किचकट. वकिलांसाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा आहे. मराठीवाल्यांसाठी गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत. म्हातारीच्या तोंडची झाडांची नावं आणि उपयोग न बिघडवता उतरवून घेणं, याला झूऑलॉजी लागत नाही, कान लागतो. हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांनी कोकणात वेळासला जाऊन यावं. कासवांची अंडी राखण्याच्या कामाला तिथे गावातल्या घरगुती मुक्कामाच्या सोयीने आधार दिला आहे.

जीवशास्त्राची ओळख तरी हवीच, नाहीतर मीटिंगमध्ये नुसतं बसावं लागतं. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) ही १८८३ सालापासूनची संस्था नोकरी सांभाळून करता येतील असे अभ्यासक्रम चालवते. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर नियमित टाका, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते शिका. आणि 'स्वयंसेवक' म्हणून जंगलात न्यायचे तुमच्याकडूनच भरमसाट पैसे घेणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. ती सहल आहे. आवडली तर सहल म्हणून करा.

पगार कमी असतात, करार बहुधा प्रकल्पापुरता असतो. नोकरी सोडण्याआधी वर्षभराचा घरखर्च बाजूला टाका आणि आरोग्यविमा स्वतःचा काढा. हे मी सगळ्यांना सांगते आणि ज्यांना ते ऐकून राग येतो त्यांना जरा थांबायला सांगते.

ओंकारने वीसेक जणांना मेल लिहिले. 'मला संधी द्या' असं त्यात कुठेच नव्हतं; 'मी हे हे करून देऊ शकतो' एवढंच होतं. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. दोघांनी बोलावलं, एकाने शनिवारचं काम दिलं आणि काही महिन्यांनी पूर्ण वेळ विचारलं. तेव्हा तो वडिलांना घेऊन आला. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, खुर्चीच्या कडेवर बसलेले, हातात घडी केलेली पिशवी.

"मॅडम, तुम्हीच सांगा, तिथे पीएफ तरी कापतात का?"

मी ओंकारकडे बघितलं. हे उत्तर माझं नव्हतं.

"वीस माणसं असली की कापावाच लागतो बाबा," तो म्हणाला. "तिथे अकरा आहेत. मी पीपीएफ उघडतोय."

बाबांनी पिशवीतून पेन काढलं आणि विचारलं, "व्याज किती चालू आहे सध्या?" पुढची वीस मिनिटं त्या दोघांना माझी गरज पडली नाही.