वाचकांचे प्रश्न : व्हॅन, ट्रेलर आणि वारा

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो आणि सुट्टीत दोन मीटर उंचीच्या व्हॅनमागे तीन मीटर उंचीचा, आत राहण्याची सोय असलेला ट्रेलर जोडून फिरतो. एरवी लिटरला आठ किलोमीटर धावणारी व्हॅन तेव्हा जेमतेम साडेचार देते. व्हॅनच्या पोटाखाली सपाट पत्रा आणि बंपरखाली पट्टी बसवल्यास फरक पडेल का?

उत्तर : थोडा पडेल, मात्र आपल्या जोडीत हवा मुख्यतः अडते ती व्हॅनच्या टपावर डोकावणाऱ्या ट्रेलरच्या मीटरभर उंच भिंतीला, त्यामुळे खर्च आधी तिथे करावा. पुढच्या कडांचे महत्त्व नासाच्या ड्रायडन केंद्राने १९७०च्या दशकात तपासले होते. त्यासाठी एका व्हॅनला ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून मुद्दाम खोक्याचा आकार दिला गेला. पुढच्या कडा गोल करताच हवेचा रोध सुमारे निम्म्यावर आला. (या कामामागचे अभियंते एडविन साल्ट्झमन सायकलने कामावर जात, आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या हवेचा धक्का त्यांनी अंगावर अनुभवला होता.) तेव्हा पुढेमागे ट्रेलर बदललात, तर गोल कपाळाचा घ्यावा.

तोवर व्हॅनच्या टपावर, मागच्या बाजूला, तिरपा डिफ्लेक्टर बसवावा. त्याने वळवलेली हवा ट्रेलरच्या वरच्या कडेवरून निसटली पाहिजे. ती खाली आदळत असेल, तर प्रवासानंतर मेलेले किडे भिंतीवर नेमके कुठे चिकटले आहेत त्यावरून ते कळते. ट्रेलरवर लोकरीचे धागे चिकटवून सोबतच्या गाडीतून कुणाला चित्रण करायला सांगितले, तर अधिक उत्तम. ताशी ८८ किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ३६ किलो वजनाइतका असतो, म्हणून डिफ्लेक्टर कॅरियरला बोल्टनेच आवळावा, चिकटपट्टीच्या भरवशावर सोडू नये. पुढची जाळी मात्र झाकू नये, कारण ओझे ओढताना इंजिन आणि गिअरबॉक्स या दोहोंना थंड हवा लागते.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ८८ किलोमीटरची कायदेशीर मर्यादा आहे. आपण १०५ने जात असाल, तर ८८वर येताच हवेचा रोध सुमारे ३० टक्क्यांनी घटेल, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आधी या वेगाने इंधनाची नोंद ठेवावी आणि डिफ्लेक्टर नंतर बसवावा. नोंद जातानाची आणि येतानाची दोन्ही घ्यावी, नाहीतर पाठीशी असलेल्या वाऱ्याचे श्रेय डिफ्लेक्टरला मिळेल.