साउंड ब्लास्टरची खरखर

प्रश्न : सर, माळ्यावरचा ४८६ पीसी परत चालू केलाय, साउंड ब्लास्टर या आवाजाच्या कार्डासकट. डीजेजीपीपीत (डॉसवरचा प्रोटेक्टेड मोडचा सी कंपायलर) मॅलॉक या मेमरी मागायच्या फंक्शननं १६ केबीचा बफर घेतला, पॉइंटर म्हणजे त्याचा पत्ता डीएमए कंट्रोलरला (सीपीयूला न गुंतवता मेमरीतला डेटा कार्डाला पोचवणारी चिप) दिला, तर नुसती खरखर. तेच टर्बो सी या जुन्या कंपायलरमधे रिअल मोडला (साध्या, थेट पत्त्यांच्या मोडला) केलं की कधी सगळं नीट वाजतंय, कधी क्षणभर बरोबर आणि मग खरखर. कार्ड गेलं म्हणायचं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कार्ड ठणठणीत आहे ओ, भंगारात घालू नका. दुखणी दोन आहेत.

प्रोटेक्टेड मोडमधला पॉइंटर सीपीयूपुरताच खरा. त्यात सेगमेंटचा बेस (मेमरीच्या तुकड्याचा सुरुवातीचा पत्ता) मिळवायचा, पेजिंग असलं तर पेज टेबलातनं (पत्ते बदलून देणाऱ्या तक्त्यातनं) जायचं, तेव्हा कुठं फिजिकल पत्ता निघतो, आणि ८२३७ चिपला, म्हणजे तुमच्या डीएमए कंट्रोलरला, यातलं काही ठाऊक नसतं, ती मिळेल तो आकडा सरळ बसवर टाकते. "तालमीच्या मागं ये" म्हटलं की गल्लीतला पोचतोय, बाहेरगावचा टेम्पोवाला फिरतच बसतोय, तसलं झालंय. म्हणून डीएमएसाठी मॅलॉक नकोच. डीपीएमआयला (प्रोटेक्टेड मोडमधनं डॉसच्या सोयी मिळवून देणाऱ्या सेवेला) सांगून डॉसची खालची मेमरी घ्या : इंटरप्ट ३१ हेक्स (१६ च्या पायावरचा आकडा), सीपीयूच्या एएक्स रजिस्टरमधे ०१०० हेक्स, बीएक्समधे १६-१६ बाइटचे पॅराग्राफ किती ते. एएक्समधे सेगमेंट परत येतो, त्याला १६ नं गुणलं की झाला पत्ता. डेटा डॉसमेमपुट या डीजेजीपीपीच्या फंक्शननं तिथं टाकायचा.

आता टर्बो सीची गंमत. ८२३७ चा पत्त्याचा काउंटर १६ बिटचा, म्हणजे ६४ केबीपुरताच, पत्त्याचे वरचे ८ बिट वेगळ्या पेज रजिस्टरमधे, आणि काउंटर भरला तरी ते रजिस्टर पुढं सरकत नाही. समजा बफर हेक्स १एफ००० ला सुरू झाला. ४०९६ बाइट झाले की चिप २०००० ला न जाता मागं १०००० वर जाते आणि तिथं जे काय पडलंय ते वाजवते. ११०२५ हर्ट्झ, ८ बिट मोनो धरलं तर ०.३७ सेकंद, तुमचा "क्षणभर" तो हाच! मेमरीत आधी काय काय लोड झालंय त्यावर बफरची जागा बदलते, म्हणून कधी वाजतं कधी नाही.

तेव्हा १६ केबी पाहिजेत तर ३२ मागा, म्हणजे २०४८ पॅराग्राफ, दोनातला एक अर्धा भाग तरी ६४ केबीची हद्द न ओलांडणारा निघतोच. किती बाइट पाठवायचे त्या काउंटमधे एक कमी, १६३८३ लिहा. आणि डीएमएच्या प्रत्येक चॅनलचं (वाटेचं) पेज रजिस्टर वेगळं, पण त्यांचे पोर्ट (लिहायचे पत्ते) ओळीनं नाहीत हां, चॅनल १ चा ८३ हेक्स, २ चा ८१, ३ चा ८२, हे कुणी ठरवलं देव जाणे, पण चॅनल १ चं पेज ८१ वर लिहाल तर ते २ ला, म्हणजे फ्लॉपीच्या चॅनलला जाईल.